बाबांच्या सुरीला नवी मूठ: शिसम, हायलम की जी-टेन?

चोरलवाट, इंदूर | ११ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बाबांची एक सुरी आहे, त्यांच्या स्काउटिंगच्या दिवसांपासूनची. पातं पाच इंच, चार मिलिमीटर जाड, साध्या कार्बन स्टीलचं. सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही चोरल, जानापाव, कधी कजलीगढ असे जातो. काटक्या तासणं, दोरी कापणं, चुलीजवळ कांदा चिरणं, सगळं हिच्यावरच चालतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली, पण पिशवी भरताना पहिली हीच आत जाते.

गेल्या महिन्यात ती गाडीच्या डिकीत आठवडाभर राहिली. काढली तेव्हा मुठीचं लाकूड पुढच्या पिनेपासून मागच्या टोकापर्यंत उभं तडकलेलं होतं. फाक जरा हलवली तर खालून तांबूस भुकटी पडली. म्हणजे आत गंज आधीपासूनच धरला होता.

पातं ठणठणीत आहे. टँग, म्हणजे मुठीत जाणारा पोलादाचा भाग, पूर्ण मुठीएवढा आहे आणि त्याला ६ मिलिमीटरची दोन भोकं आहेत. दोन बाजूंना दोन फाका बसवून पितळी पिना घालायच्या, एवढं काम मी स्वतः करीन. कानस, करवत, सी-क्लॅम्प घरी आहेत, ड्रिल शेजारच्या काकांचं मिळेल. फाका कशाच्या करायच्या, ते ठरत नाहीये. मूळ शिसमच्या होत्या. मित्र म्हणतो जी-टेन, म्हणजे काचेच्या कापडाचं शीट, घे. परदेशी लोक मिकार्टाचं, म्हणजे राळेत घट्ट केलेल्या कापडाच्या शीटचं, कौतुक करतात. सराफ्यामागच्या एका दुकानात शिंग सुचवलं.

मला शोभेची वस्तू नकोय. पावसात, घामेजल्या हातात टिकावी आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातातही नीट बसावी.

सागवानी, ग्वाल्हेर | ११ मे, रात्री ११.१५

लाकडाला दोष देण्याआधी ते का तडकलं ते बघा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, मेमध्ये आखडतं. टँग पोलादाचा, तो काही त्याच्याबरोबर आखडत नाही. वर दोन पिनांनी लाकूड जखडलेलं. मग जिथे सगळ्यात कमकुवत, तिथून म्हणजे पिनेच्या भोकापासून रेषेबरोबर चीर जाते. तुमची चीर तंतोतंत तशीच आहे. आत गंज होता म्हणता, गंज जागा जास्त घेतो, त्यानंही आतून रेटलं असणार.

आमच्याकडे जानेवारीत धुकं आणि मेमध्ये भट्टी असते, त्यामुळे हा खेळ मी रोज बघतो. तरीही मी लाकडाच्याच बाजूचा आहे. जानेवारीच्या पहाटे तिघरा धरणाच्या काठावर प्लास्टिकची किंवा धातूची मूठ धरून बघा आणि मग शिसम धरा. हाताला जे कळतं ते कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. फक्त लाकूड वाळलेलं हवं. वखारीतून आणलेला तुकडा त्याच आठवड्यात लावू नका, तो घरात दोन-तीन महिने नुसता पडू द्या. आणि सागवान सुचवतील लोक, पण ते या कामाला मऊ पडतं. दाराला सागवान, मुठीला शिसम.

यंत्रशाळा, पीथमपूर | १२ मे, सकाळी ७.२०

चोरलवाट, तुम्हाला जे मिकार्टा म्हणून परदेशातून मागवावं लागेल असं वाटतंय, ते तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर किलोवर विकत मिळतं. त्याला इथे हायलम म्हणतात.

जरा सविस्तर सांगतो. लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं. पुढे कागदाचे किंवा कापडाचे थर त्या जातीच्या राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन शीट तयार करायला लागले, मुख्यतः विजेच्या इन्सुलेशनसाठी. वेस्टिंगहाउसनं आपल्या अशा मालाला मिकार्टा नाव दिलं. आपल्याकडे हायलम हे एका कंपनीच्या मालाचं नाव होतं, ते सगळ्याच शीटला चिकटलं, जसं वनस्पती तुपाला डालडा. मोटर वाइंडिंगवाले, पॅनेल बनवणारे सगळे वापरतात. आमच्या शॉपमध्ये कापडी हायलमचे गिअर आणि बुश आहेत. रात्रंदिवस तेलात आणि पाण्यात फिरतात, तुटत नाहीत.

आता महत्त्वाचं. हायलम दोन जातीचं असतं, कागदी आणि कापडी. तुम्हाला कापडीच हवं. दुकानात शीटची कड बघा. कापडी असेल तर कडेला विणीचे ठिपके आणि लाटा दिसतात, कागदी असेल तर सरळ बारीक रेषा. कागदी शीट कडेला टवके सोडते, मुठीला उपयोगाची नाही.

ओल्या हातात हे लाकडापेक्षा चांगलं धरतं, कारण कापडाचे तंतू पृष्ठभागावर उघडे राहतात. म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरपाशी थांबा. आरशासारखं चकाकवलंत तर तोच गुण घालवाल. महाराणी रोडला वाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, १० मिलिमीटर जाडीचा उरलेला तुकडा मागा.

विश्वामित्रीकाठी, वडोदरा | १२ मे, दुपारी १.०५

जी-टेन मी वापरलंय म्हणून लिहिते. पावागडच्या पलीकडे जांबुघोड्याच्या रानात आमचा गट पक्षी बघायला जातो. माझ्या सुरीची रबराची मूठ तिसऱ्या उन्हाळ्यात चिकट होऊन हाताला लागायला लागली होती. डास पळवणाऱ्या डीटच्या मलमानं आणखी बिघडली. डीटनं बरीच प्लास्टिकं आणि रबरं मऊ पडतात, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

जी-टेन म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी नावाची घट्ट होणारी राळ. मोबाइल, रेडिओ यांच्या आतलं हिरवं सर्किट बोर्ड ज्या एफआर-फोरचं असतं, ते याचंच आगीला दाद न देणारं भावंड. पाणी जवळजवळ पीत नाही, फुगत नाही, आखडत नाही. पाच पावसाळे झाले, माझी मूठ जशीच्या तशी आहे.

पण करताना जे झालं ते सांगते. मी बाल्कनीत साधा रुमाल बांधून घासायला बसले. दोन दिवस हातांना खाज आणि घशात खरखर. ती भुकटी म्हणजे बारीक काच आहे. जी-टेन घासायचं असेल तर ओलं करून घासा, घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि ते कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर घरात करूच नका. हायलमलाही मास्क हवाच, राळेची भुकटी काही चांगली नसते.

करवतीचं आणि कानशीचं पातंही जी-टेन पटापट बोथट करतं.

भटक्या, इंदूर | १२ मे, दुपारी ३.३०

सांबराचं शिंग का नाही? गळून पडलेलं मिळतं, कुणाला मारायला लागत नाही. दिसतंही सुरेख.

नर्मदाकाठ, महेश्वर | १२ मे, संध्याकाळी ६.४५

भटक्या, तो विचार सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गळालेलं शिंगसुद्धा येतं. ते सरकारची मालमत्ता आहे, उचलणं, बाळगणं, विकणं, सगळंच गुन्हा. शिवाय रानात पडलेलं शिंग साळिंदर आणि उंदीर कुरतडतात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं. ते तिथेच राहावं.

म्हशीचं शिंग चालतं, कंगवे होतात त्याचे. पण तेही दमटपणात वाकतं, आणि काही किडे ते खातात. रानात वापरायच्या सुरीला मी लावणार नाही.

चोरलवाट, आमच्या निमाडातली लाकडं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. अंजन इतकं जड की पाण्यात बुडतं. धावडा, ज्याचा डिंक आपण लाडवात घालतो, त्याचे दांडे आणि गाडीचे कणे व्हायचे. धामणाला लवचीकपणा असतो, म्हणून कुऱ्हाडीला धामण. दांडा घाव झेलतो, तिथे लवचीकपणा हवा. सुरीच्या मुठीला घाव बसत नाही, तिथे न हलणारं लाकूड हवं. माझ्या मते शिसमपेक्षा धावडा घट्ट धरेल.

लोकमान्यनगर, इंदूर | १३ मे, सकाळी १०.१०

सगळे जण कशाची यावर बोलताहेत, कशी यावर कुणीच नाही. मी मुलींचे ट्रेक नेते. बाजारातल्या बहुतेक मुठी मोठ्या पुरुषी पंजाला धरून केलेल्या असतात. मुलीच्या हातात त्या पूर्ण मिटत नाहीत, मग ती जास्त जोरानं आवळते, मनगट दमतं आणि सुरी निसटते. मी पाहिलेल्या दोन्ही जखमा अशाच झाल्या, मूठ हातात फिरल्यामुळे.

दादा, मुलीला ओल्या मातीचा किंवा कणकेचा गोळा मुठीत घट्ट धरायला लावा आणि त्याचा आकार बघा. मूठ गोल करू नका, अंड्यासारखी लंबगोल ठेवा, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. पोट मधे थोडं भरलेलं, तर्जनीच्या जागी किंचित बारीक, मागे करंगळी अडेल एवढा उंचवटा. बोटांच्या खाचा पाडू नका. त्या एकाच हाताला बसतात, आणि तुमची सुरी दोघांची आहे.

चोरलवाट, इंदूर | १३ मे, रात्री १०.३०

ताई, कणकेचा गोळा आजच केला. तिची मूठ मिटली तेव्हा आतली जाडी १८ मिलिमीटर भरली. माझी २३. मधे २० धरतो. टँग ४ चा, म्हणजे प्रत्येक बाजूला ८.

वजनाचा हिशोबही करून बघितला. ११.५ सेंटिमीटर लांब, ३ रुंद, ०.८ जाड, अशा दोन फाका म्हणजे सुमारे ५५ घन सेंटिमीटर. घासण्याआधीचं वजन शिसमचं ४५ ग्रॅमच्या आसपास, हायलमचं ७५, जी-टेनचं १००. पातं पाच इंचांचं असल्यानं मागे थोडं वजन आलेलं चालेल, पण जी-टेननं तोल फारच मागे जाईल असं वाटतं. शिवाय घरात दमा असलेली आई आहे, काचेची भुकटी नकोच.

कापडी हायलम ठरलं. सागवानी, तुमचा शब्द मोडतोय, पण ही सुरी डिकीत, तंबूत, ओल्या पिशवीत राहणार. लाकडाला जी काळजी लागते ती मुलांच्या कॅम्पमध्ये माझ्याकडून होणार नाही.

सागवानी, ग्वाल्हेर | १३ मे, रात्री ११.००

कारण पटलं. पण घरातली सुरी करायची वेळ आली की इकडे या.

यंत्रशाळा, पीथमपूर | १४ मे, सकाळी ६.५०

मग आता काम ऐका, यातच मुठीचं आयुष्य आहे.

पहिल्यांदा धार पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टीनं बांधा. काम संपेपर्यंत काढू नका. जुन्या पिना ड्रिलनं वरून पोखरून काढा. गोंद सुटत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या. गॅसच्या ज्योतीवर धरायचं नाही. पाणी पाजून कडक केलेलं कार्बन स्टील साधारण २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून टेंपर केलेलं असतं, त्याच्या वर गेलात की धार मऊ झाली, ती पुन्हा येत नाही. गंज व्हिनेगरमध्ये सोडवा, तारेच्या ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा.

टँगच्या भोकांना मोठं करायला जाऊ नका, कडक पोलादावर साधं ड्रिल घसरेल. फाकेवर टँग क्लॅम्प करा, एक भोक पाडा, त्यात पिन घाला म्हणजे काही सरकत नाही, मग दुसरं पाडा. हायलमखाली लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर ड्रिल पलीकडे निघताना थर उचकटतात.

पात्याकडची पुढची कड चिकटवण्याआधीच पूर्ण घासून घ्या. चिकटवल्यावर तिथे पात्याला ओरखडे न पाडता कानस जात नाही. नवे लोक हीच चूक करतात.

टँग आणि फाकांच्या आतल्या बाजू ६० किंवा ८० नंबरनं खरखरीत करा, ॲसिटोननं पुसा, नंतर बोट लावू नका. चोवीस तासांत घट्ट होणारं सावकाश इपॉक्सी वापरा, पाच मिनिटांचं नको. क्लॅम्प बेतानंच आवळा. जोरात आवळलंत तर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत कोरडं राहतं. टँगच्या चारी कडांना गोंद दिसला पाहिजे, तिथूनच पाणी शिरतं, आणि तुमचा जुना गंज तिथूनच आलेला आहे.

पिना ठोकून पसरवू नका, खरखरीत करून गोंदात बसवा, मग कापून कानशीनं सपाट करा. मशिननं घासलंत तर पितळ क्षणात तापतं आणि भोवतीचा गोंद सोडतं.

शेवटचं, खोलीच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं. मेच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. मूठ कशाचीही करा, डिकीत ठेवू नका.

भटक्या, इंदूर | १४ मे, सकाळी ९.१५

शिंगाबद्दल माहीत नव्हतं, सांगितलंत ते बरं झालं. एक विचारतो, अशी सुरी जवळ बाळगायला परवाना लागतो का?

नर्मदाकाठ, महेश्वर | १४ मे, सकाळी ११.४०

शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं ही मर्यादा आहे, घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. पाच इंची सुरी त्यात येत नाही. तरी शहरातून नेताना म्यानात, पिशवीच्या तळाशी ठेवा. कमरेला लावून बसमध्ये चढू नका.

चोरलवाट, इंदूर | २ जून, रात्री ९.२०

अहवाल देतो. पहिला तुकडा वाया गेला. दुकानात घाई केली, कड बघितली नाही, घरी आल्यावर कळलं की कागदी आहे. तरी करून बघू म्हणून कापला, तर कोपऱ्याचा टवका निघाला. दुसऱ्या दिवशी परत गेलो, या वेळी विणीचे ठिपके बघूनच घेतलं.

भोकं, पुढची कड, ॲसिटोन, सगळं सांगितल्याप्रमाणे. क्लॅम्प आवळताना हात आवरावा लागला. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पात्यावरून पुसून घेतला. घासायला तीन संध्याकाळी लागल्या, मास्क लावून, गच्चीवर. कापताना फिनॉलचा उग्र वास येतो, आईला त्या दिवशी मावशीकडे पाठवलं होतं.

रंग गडद तपकिरी, कडेला घासलेल्या जागी विणीच्या वर्तुळाकार रेषा उमटल्या आहेत, जमिनीच्या उंचवट्यांच्या नकाशासारख्या. मुलीनं हातात घेतली आणि डोळे मिटून म्हणाली, धार खाली आहे. लोकमान्यनगर ताई, हे तुमच्यामुळे.

जुन्या शिसमच्या फाका टाकल्या नाहीत. बाबांच्या अंगठ्यानं एका जागी लाकूड खोलगट झालं होतं. नव्या मुठीत तेवढी जागा मी तशीच ठेवली.

लोकमान्यनगर, इंदूर | २ जून, रात्री ९.५५

वाचून फार बरं वाटलं. तिला सुरी देण्याआधी म्यानातून काढायची आणि घालायची सवय आधी करून घ्या. जखमा तिथेही होतात.

चोरलवाट, इंदूर | २८ सप्टेंबर, रात्री ८.४०

पावसाळा संपत आला, धागा वर काढतो. जुलैपासून चार वेळा नेली. कालाकुंडच्या उतरणीला दिवसभर भिजली, रात्र ओल्या पिशवीतच गेली. टँगच्या कडेला नख फिरवून बघितलं, कुठेही फट नाही, तांबूस रेघ नाही. ओल्या हातात खरंच जास्त धरते. रंग थोडा आणखी काळवंडलाय.

पात्याला मात्र एका रात्रीत डाग पडला, तो माझा आळस. आता पुसून खोबरेल तेलाचा हात देतो, स्वयंपाकालाही ती वापरतो म्हणून.

आता आईसाठी भाजीची सुरी करायची आहे. तिला लाकूडच हवंय. सागवानी, आलो बघा तुमच्याकडे.

सागवानी, ग्वाल्हेर | २८ सप्टेंबर, रात्री १०.०५

या. घरातल्या सुरीला कच्चं जवसाचं तेल लावा, अगदी पातळ हात, पुसून काढायचं, आठवड्यानं पुन्हा, असं पाच-सहा वेळा. जवस हवेत सुकून घट्ट होतं. खोबरेल, शेंगदाणा, मोहरी मुठीला नको, ती तेलं सुकत नाहीत, चिकट राहतात. आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या कापडात ती साठते आणि आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नर्मदाकाठ, महेश्वर | २९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

लाकूड विकत घेऊ नका. आमच्या वाड्यात जुन्या बैलगाडीचा धावड्याचा कणा पडलाय, माझ्या लहानपणी ती गाडी जत्रेला जायची. इतक्या वर्षांत तो जेवढा आखडायचा तेवढा आखडलाय. एक तुकडा कापून ठेवलाय, कापलेल्या टोकांना मेण लावलंय. भाचा रविवारी इंदूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. दसऱ्यापर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात नुसता राहू द्या, मग करवत लावा.

चोरलवाट, इंदूर | २९ सप्टेंबर, सकाळी ८.१०

काका, रविवारी सकाळी घरीच आहे. आई म्हणते भाच्याला जेवूनच पाठवीन.